सातपाणीताईंची बुचं

आमच्या प्रयोगशाळेत काचेची बाटली धुण्याचा अधिकार एकाच माणसाला होता. बाकीच्यांनी बाटली घ्यावी, वापरावी आणि निमूटपणे सिंकपाशी नेऊन ठेवावी. मी नवीन होते तेव्हा उत्साहाच्या भरात एकदा माझी बाटली मीच धुतली. ताईंनी ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "छान. आता यात पेनं ठेव." ती बाटली अजून माझ्या टेबलावर आहे आणि तिच्यात पेनंच आहेत.

त्यांना सगळे सातपाणीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर असेल, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. बाटल्या रात्रभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, सकाळी ब्रशने घासायच्या आणि मग सात पाण्यांनी विसळायच्या. सहा नाही, आठ नाही, सात. सिंकच्या कट्ट्यावर सात बुचं ओळीने मांडलेली असायची. बाटल्यांच्या खेपेला एक पाणी झालं की एक बूच डावीकडून उजवीकडे. सातही बुचं उजवीकडे गेली की खेप सुकवायच्या कपाटात.

"मनात मोजता येत नाही का?" मी एकदा विचारलं होतं.

"येतं की. मग मध्येच तुझ्यासारखी कुणीतरी येते आणि विचारते, मनात मोजता येत नाही का. झालं! चार की पाच, ते ब्रह्मदेवालाही आठवत नाही."

मी पुन्हा विचारलं नाही.

बाटल्या हे त्यांचं अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे पेशी सांभाळणं. आमच्याकडे लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या जातात. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीच्या तळाला त्या चिकटून बसतात, उबदार कपाटात राहतात आणि लालसर पाण्यासारखं खाद्य खातात. एक दिवसाआड त्यांचं खाद्य बदलावं लागतं. एकतीस वर्षं ताई हे करत होत्या. सकाळी आल्या आल्या, चहाच्याही आधी, त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आणि "काय गं बायांनो, झोप झाली का?" असं विचारायच्या. लोक हसायचे. पण पेशी आजारी पडल्या तर यंत्राला कळायच्या दोन दिवस आधी ताईंना कळायचं, म्हणून जपूनच हसायचे.

कॅन्सरची पेशी म्हणजे काय, हे मला पुस्तकांनी सांगितलं होतं; समजलं ते ताईंकडून. "आपल्या अंगातली साधी पेशी शहाणी असते," त्या म्हणायच्या. "थकली, बिघडली, की आपणहून जाते. आक्रसते, आतलं सामान आवरते, त्याची छोटी छोटी गाठोडी बांधते आणि शेजारणी ती गिळून टाकतात. मागे पसारा नाही की बोंबाबोंब नाही. या बाया मात्र जायचंच विसरल्यात. खातायत, वाढतायत, जागा अडवून बसल्यात. औषधाने यांना मारायचं नाही, फक्त आठवण करून द्यायची."

मी तीन वर्षं हीच आठवण करून देणारं पान शोधत होते. आमच्या आवाराच्या कुंपणाला एक कडू पानांचं झुडूप आहे. त्याची पानं वाळवायची, कुटायची, अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून तो अर्क पेशींवर घालायचा आणि बघायचं. तीन वर्षांत पेशी माझ्याकडे बघत होत्या आणि मी पेशींकडे. सर, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, मला भेटले की हवापाण्याविषयी बोलायचे. आपलं काम चालत नसलं की लोक हवापाण्याविषयीच बोलतात.

आणि एका सोमवारी पेशी मेल्या.

जिवंत पेशींवर एक पिवळा रंग घातला की तो जांभळा होतो. मेलेल्या पेशींवर पिवळाच राहतो. माझ्या ताटलीत शहाण्णव छोट्या वाट्या असतात. अर्क घातलेल्या सगळ्या वाट्या पिवळ्याधमक होत्या आणि नुसतं अल्कोहोल घातलेल्या शेजारच्या वाट्या जांभळ्या. यंत्राने आकडा दिला: शंभरातल्या सत्त्याण्णव मेल्या. मी तीनदा प्रयोग केला, तीनदा तेच. सर मला हवेबद्दल न बोलता थेट "अभिनंदन" म्हणाले आणि शुक्रवारी केक कापला गेला. पुढच्या शुक्रवारी बाहेरची तज्ज्ञ मंडळी कामाचा आढावा घ्यायला येणार होती, त्यांच्यासमोर माझं भाषण ठरलं. मी आनंदाने हवेत होते. सूक्ष्मदर्शकातून एकदाही पाहिलं नव्हतं. निरोगी पेशींवर अर्क घालून पाहिला नव्हता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

ताई त्या वेळी रजेवर होत्या. त्यांच्या मोठ्या भावाच्या लिव्हरमध्ये गाठ सापडली होती. दादा शिंपी होते. घराच्या खालच्या मजल्यावर दुकान, वर दादा, वहिनी आणि ताई. गाठ लवकर सापडली, एका बाजूला आहे, कापून काढली तर माणूस बरा होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, माझ्या भाषणानंतरच्या मंगळवारची. ताई केकच्या दिवशीच कामावर परतल्या. मी त्यांना मिठी मारून सांगितलं, "ताई, आपलं पान चाललं! सगळ्या मेल्या!" त्यांचे डोळे भरून आले. बातमी घेऊनच त्या घरी गेल्या.

बुधवारी सकाळी त्या आल्या तेव्हा तोंड उतरलं होतं. "दादाने हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या. "म्हणतो, चिमे, तुमच्या पानाने मरतोय ना कॅन्सर? मग मला कापायचं कशाला? आयुष्यभर मी लोकांची कापडं कापली, मला कुणी कापायचं नाही. परवा इथे कुंपणापाशी येऊन पिशवीभर पानं तोडून घेऊन गेला. रोज तीन पेले काढा पितो. वहिनी म्हणतात, पातेलं काळं झालं ते निघतच नाही."

मला काळजी वाटायला हवी होती. लाज वाटते सांगायला, पण आधी वाटला तो अभिमान.

"हॉस्पिटलवाले शनिवारी दुपारपर्यंत तारीख धरून ठेवणार आहेत," ताई म्हणाल्या. "मग दीड महिना नंबर नाही. मी त्याला कसं अडवू? मीच तर सांगितलं होतं." एवढं बोलून त्या कामाला लागल्या. सरांना भाषणासाठी पेशींचे फोटो हवे होते: आक्रसलेल्या, गाठोडी बांधलेल्या. फोटो काढायचं काम ताईंचं.

दहा मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली. "ये. बघ."

मी डोळा लावला. मेलेल्या होत्या, यात शंका नव्हती.

"गाठोडी कुठे आहेत?" ताईंनी विचारलं.

गाठोडी नव्हती. फाटलेल्या चिंध्या होत्या. पेशींचं आवरण फुटून आतलं सगळं बाहेर सांडलं होतं, वाटीभर पसारा. एकीनेही सामान आवरलं नव्हतं.

"या गेल्या नाहीत," ताई म्हणाल्या. "यांना फोडलंय. कशाने तरी धुवून काढलंय."

त्यांनी माझी अर्काची बाटली उचलली आणि हलवली. वर फेस आला. "पानांनाही फेस येतो, ताई," मी घाईने म्हणाले, "कित्येक पानांना येतो." ते खरंही होतं. ताईंनी बाटलीच्या तळाशी असलेली, ती कोणत्या दिवशीच्या खेपेतली याची खूण पाहिली आणि त्या एकदम स्टुलावर बसल्या.

त्या खेपेच्या दिवशीच वहिनींचा फोन आला होता. सकाळी साडेदहाला. गाठ आहे म्हणून. ताई ओल्या हातांनीच बाहेर व्हरांड्यात गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्या तेव्हा सातही बुचं उजवीकडे होती. त्यांनी खेप कपाटात ठेवली आणि हॉस्पिटल गाठलं.

आम्ही सफाईवाल्या काकांना बोलावलं. "हो, मीच ठेवली," ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "कट्टा पुसायचा होता. बुचं विखुरली होती, दोन इकडे, पाच तिकडे. मी सगळी एका बाजूला नीट मांडून ठेवली."

दोन पाणी झाली होती. पाच राहिली होती.

पण ताई अंदाजावर बोलणाऱ्या नव्हत्या. त्याच खेपेतली एक कोरी बाटली फळीवर होती. त्यांनी तिच्यात पेशींचं नुसतं खाद्य घातलं, हलवलं, आणि तेच धडधाकट कॅन्सरपेशींवर ओतलं. पान नाही, अर्क नाही, माझी तीन वर्षं नाहीत. गुरुवारी सकाळी वाट्या पिवळ्या. सगळ्या मेल्या. मी तीनदा प्रयोग केला होता आणि तीनही वेळा अर्क त्याच एका बाटलीतून घेतला होता. नुसतं अल्कोहोल मात्र कपाटातल्या जुन्या, सात पाण्यांच्या बाटलीतून. करून गेला साबण आणि शाबासकी पानाला.

आता माझं खरं रूप सांगते. मी ताईंना म्हणाले, "शुक्रवार होऊ दे. माझं भाषण होऊ दे. सोमवारी आपण सरांना सांगू." वर असंही म्हणाले, की चूक तुमची आहे, निवृत्तीला चार महिने राहिलेत, उगाच कशाला नावाला बट्टा?

ताईंना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तुझ्या शुक्रवारपेक्षा माझ्या दादाचा मंगळवार मोठा आहे, बाळा."

आम्ही दोघी सरांकडे गेलो. ताईंनी उभ्या उभ्या सांगितलं: बाटली मी धुतली, दोनच पाण्यांनी धुतली, फोन आला होता म्हणून लक्ष राहिलं नाही. सफाईकाकांचं नावही काढलं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही? एकदाही डोळा लावून पाहिलं नाही?" मी नकारार्थी मान हलवली. "म्हणजे एकीने बाटली विसळली नाही आणि दुसरीने डोळे," सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी पुढे वर्षभर वापरलं.

शुक्रवारी मी तज्ज्ञांसमोर उभी राहिले आणि साबणाने लिव्हरचा कॅन्सर कसा मारावा हे सांगितलं. एक वयस्कर बाई हसून हसून खोकायला लागल्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं की त्यांच्या तरुणपणी त्यांनी बाटलीच्या रबरी बुचातून उतरलेल्या विषाचा असाच शोध लावला होता. माझं काम बंद झालं नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात भाषण नव्हतंच, शनिवार होता.

कारण दादा ऐकत नव्हते. ताईंनी गुरुवारी रात्रीच्या जेवणाला त्यांना सगळं सांगितलं होतं. दादांचं उत्तर तयार होतं: "तू मला कापायला पाठवायला काहीही सांगशील." बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि ती काडी हातातून काढायला गेलं की तो हातालाच चावतो. शेवटी ताई म्हणाल्या, "ठीक आहे. माझं नको ऐकूस. स्वतः बघ." सरांनी परवानगी दिली आणि शनिवारी सकाळी दहा वाजता दादा प्रयोगशाळेत आले.

उंच, बारीक, कानामागे खडूचा तुकडा. तो हॉस्पिटलातही तिथेच होता म्हणे. मी त्यांना पांढरा कोट दिला. त्यांनी तो घालण्याआधी उलटा केला. "खांदा कुणी लावलाय हा? हात वर केला तर उसवेल." त्यांनी हात वर केला. उसवला.

ताईंनी तीन ताटल्या मांडल्या होत्या. पहिली नुसत्या कॅन्सरच्या पेशींची. दादांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "वीण दाट आहे," ते हळूच म्हणाले. "माझ्या आत हेच?"

"याच जातीचं."

दुसरी साबणाची. दादांनी पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "फाडून टाकलंय."

"हे मी फाडलं, दादा. दोन पाण्यांच्या बाटलीने. यात पान नाही."

तिसरी ताटली गुरुवारी आम्ही पुन्हा लावली होती, सात पाण्यांच्या बाटलीत नव्याने केलेला अर्क चांगला जास्त घालून. मीही ती आत्ताच पाहिली होती. तीन पेशींमागे एक आक्रसली होती. गाठोडी बांधलेली, नीटनेटकी. माझं पान खरंच आठवण करून देत होतं; सगळ्यांना नाही, ओरडून नाही, पण देत होतं.

दादा ताठ झाले. "यात गेल्यात की! मग पान चालतं!"

"चालतं. ताटलीत," ताई म्हणाल्या. "ताटलीत पेशी तळाला बसलीय आणि अर्क थेट तिच्या डोक्यावर. तुझ्या पोटात आधी आतडं आहे, मग रक्त, आणि काढा पचवून मोडून टाकायचं काम कुणाचं? लिव्हरचंच. शिवाय एवढा अर्क अंगात जायचा तर अख्खं कुंपण रोज खावं लागेल. निरोगी पेशी ते सोसतील का, ते या पोरीला अजून शोधायचंय. दहा वर्षं लागतील. तुझ्याकडे आज दुपारपर्यंतचा वेळ आहे."

दादांनी तिसऱ्या ताटलीला पुन्हा डोळा लावला.

"ताटलीत कॅन्सर साबणानेही मरतो, दादा. मग उद्यापासून साबण पिशील?"

"तू काही म्हण चिमे," दादा म्हणाले, पण आवाजात आता जोर नव्हता. "तुला काय, तू पहिल्या दिवसापासून हसतेयस. हॉस्पिटलात हसलीस, घरी हसलीस. तुला भीती नाही. मला आहे."

ताई सिंकपाशी गेल्या, सात बुचं ओंजळीत घेऊन आल्या आणि दादांच्या पुढ्यात ठेवली.

"एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या. "विचार हिला. एकतीस वर्षांत एक बाटली चुकली नाही माझी. त्या दिवशी वहिनींचा फोन आला आणि परत आल्यावर मला साधी साबण राहिलेली बाटली ओळखता आली नाही. पाच पाणी राहिली, दादा. आणि तू म्हणतोस मला भीती नाही."

हसणाऱ्या ताई रडताना मी पहिल्यांदाच पाहिल्या. दादांनीही बहुतेक. ते बुचांकडे बघत राहिले, मग एकेक उचलून त्यांनी ती पुन्हा ओळीत मांडली, शिंपी बटणं मांडतो तशी, सारख्या अंतरावर.

"माझ्यामुळे चुकलीस होय गं," ते म्हणाले. मग कानामागचा खडू काढून खिशात घातला. "लाव फोन. मंगळवारचं सांग. पण त्या डॉक्टरला एक विचार, कात्री धारदार आहे ना? बोथट कात्रीने कापलं की कडेला दशा सुटतात."

फोन मी लावला. अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. आठवड्याने मी भेटायला गेले तेव्हा दादा उशीला टेकून बसले होते आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सदरा वर करून टाके दाखवत होते. "काम बरं आहे. शेवटची गाठ माझी जास्त चांगली बसली असती, पण असो." वहिनी म्हणाल्या, नर्स रोज सांगते की पोट झाका. काढ्याचं पातेलं त्यांनी टाकून दिलं होतं आणि त्याचंच त्यांना जास्त समाधान होतं.

डॉक्टरांनी दादांना सांगितलं होतं की कापलेलं लिव्हर पुन्हा वाढतं. काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीएवढं होतं. हे दादांच्या डोक्यातून जाईना. "चाळीस वर्षं या धंद्यात आहे," ते मला म्हणाले. "कापड एकदा कापलं की कापलं, म्हणून रात्र रात्र झोप नाही. कापल्यावर परत वाढणारं कापड आख्खा जन्म शोधत होतो, आणि ते माझ्याच पोटात!" हसताना टाके दुखले म्हणून त्यांनी उशी पोटाशी धरली, आणि तरी हसले.

ताई चार महिन्यांनी निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी सिंक माझ्या ताब्यात दिलं आणि पिशवीतून दादांनी पाठवलेली एक वस्तू काढली. रेनकोटाच्या कापडाची हातभर लांब पट्टी, वरच्या कडेला टांगायला फास, मध्ये ओळीने काजं आणि बटणं. एक पाणी झालं की एक बटण लावायचं. कट्टा कुणी कितीही प्रेमाने पुसला तरी बटण आपोआप लागत नाही.

पट्टी सिंकच्या वर टांगताना मी मोजलं. बटणं आठ होती.

"ताई, दादांनी एक जास्त लावलं."

"जास्त नाही," ताई कोट काढत म्हणाल्या. "मीही विचारलं त्याला. म्हणाला, ते आठवं फोन आला त्या दिवसाचं. त्या दिवशी आधीचं सगळं सोडायचं, सातही नव्याने करायची, आणि मग ते लावायचं."

गेल्या दोन वर्षांत मला ते आठवं बटण तीनदा लावावं लागलं. तीनही फोन चांगले होते. त्यातला एक दादांचा होता, तपासणीत सगळं स्वच्छ निघालं म्हणून. मी खेप पहिल्यापासून पुन्हा विसळली.